ताठपणा आणि ताकद



वसंत ऋतूतल्या अशा संध्याकाळी श्रोते संतवाङ्मय किंवा इतिहास ऐकण्याच्या तयारीने येतात. त्यांच्यापुढे उभे राहून प्लॅस्टिकच्या पाइपावर बोलावयाचे म्हणजे लग्नाच्या पंगतीत ज्वारीचा भाव विचारण्यासारखे आहे. तथापि ज्वारीचा भाव कुणीतरी विचारावाच लागतो. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे. कामगार संघटनेच्या कामात कारखान्यांच्या फाटकावर जे दिसले आणि ते उमजावे म्हणून रात्री जी पुस्तके चाळली, तेवढीच माझी शिदोरी. त्या शिदोरीतून एकच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. एखाद्या पदार्थात काहीतरी मिसळून तो ताठ केला, तर तो बळकट झाला असे समजावयाचे काय? आणि नसेल, तर त्या ताठपणाची किंमत कोण देतो?

प्रश्न प्लॅस्टिकचा असला तरी त्याची सुरुवात आपल्या घरातच आहे. आपले धामणगाव कापसाचे गाव आहे. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज. निसर्गाने एकासारखे एक कण जोडून केलेली ही लांबच लांब साखळी होय. प्लॅस्टिकही अशाच साखळ्यांचे असते. फरक एवढाच की एक साखळी बोंडात तयार होते आणि दुसरी कारखान्यात. आता धोतराला किंवा लुगड्याला खळ देतो तेव्हा आपण काय करतो? मऊ तंतूंच्या मध्ये पेज शिरते, वाळते आणि तंतूंना हलू देत नाही. कापड कडक होते. साखळ्यांच्या पदार्थात दुसरे काही मिसळून त्याची लवचीकता कमी करण्याचा हा प्रयोग आपल्या आजीने केलेला आहे. तिने त्याला मोठे नाव दिले नाही, इतकेच.

गिरणीतही हीच खळ लागते. ताण्याचे सूत मागावर घासून तुटू नये म्हणून सायझिंग खात्यात त्याला खळ देतात. तेथवर सर्व ठीक आहे. परंतु या खळीचा एक जुना इतिहास आहे आणि त्याचा आपल्या मुलखाशी जवळचा संबंध आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर आल्या. वऱ्हाडच्या कापसाला त्या दिवसांत जो भाव आला, त्याच्या कथा जुन्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोचला, त्यामागेही कापसाचीच ओढ होती.

आपला कापूस आखूड धाग्याचा असे. त्याचे सूत मागावर टिकावे म्हणून खळ जास्त लागू लागली. मग काही गिरणीवाल्यांच्या ध्यानात आले की खळीत पांढरी चिनी माती मिसळली तर कापड ताठ होते, भरदार दिसते, वजनही वाढते आणि सूत मात्र कमी लागते. गिऱ्हाईक हातात घेऊन चुरडून पाही आणि म्हणे, वा, माल दणकट आहे! पहिल्या धुण्यात माती वाहून गेली की हातात जाळी राही. आणि जी माती धुण्यापूर्वीच झडे, ती विणकरांच्या नाकातोंडात जाई. टॉडमॉर्डन गावच्या विणखात्यांतील या धुळीची व दमट हवेची चौकशी डॉ. ब्युकॅनन यांनी १८७२ साली केली, तेव्हा हा प्रकार सरकारी कागदावर आला. ताठपणा गिऱ्हाइकाला फसवीत होता आणि कामगाराला खोकला देत होता. दोघांची एकमेकांशी ओळखही नव्हती. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

आता प्लॅस्टिककडे येऊ. लवचीकता म्हणजे काय हे समजण्यासाठी आपण पॅसेंजर गाडीचा साधा डबा डोळ्यांपुढे आणा. डब्यात माणसे बसलेली आहेत. जागा सोडून कुणी उठत नाही, पण प्रत्येकाला कोपर हलविण्यापुरती, पाय सरळ करण्यापुरती मोकळीक आहे. गाडीला हिसका बसला की सगळे थोडे थोडे कलतात आणि पुन्हा सावरतात. घट्ट दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या आतही साखळ्यांची अशी बारीक हालचाल चालू असते. बाहेरून तडाखा बसला की ती हालचाल तो तडाखा पचविते. ही हालचाल थांबविली म्हणजे पदार्थ ताठ होतो. आणि पचविण्याची शक्ती गेली म्हणजे तो ठिसूळही होऊ शकतो.

ती थांबविण्याच्या तीन मुख्य तऱ्हा आहेत. पहिली म्हणजे गाठ बांधण्याची. शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकावयाच्या. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला असे आढळले की रबरात गंधक घालून तापविले म्हणजे ते उन्हाने चिकट होत नाही व थंडीने कडक होत नाही. शंभर भाग रबराला दोनतीन भाग गंधक दिले की टायरट्यूबचे लवचीक रबर मिळते. तेच गंधक तीस-चाळीस भागांपर्यंत नेले की काळे, कठीण एबोनाइट होते. जुन्या फाउंटन पेनांच्या नळ्या आणि बॅटरीच्या पेट्या त्याच्याच असत. पदार्थ तोच, मिसळण तेच, प्रमाण मात्र निराळे. विजेचे जुने काळे बटन ज्याचे असे, ते बेकेलाइटही गाठी बांधूनच घट्ट होते. ते लिओ बेकलंड याने १९०७ साली शोधले.

दुसरी तऱ्हा दगड घालण्याची. साखळ्यांच्या मध्ये कठीण भुकटी किंवा तंतू पेरावयाचे. खडूची भुकटी, शंखजिरे, काचेचे तंतू ही त्यातली नेहमीची द्रव्ये. कारखान्यात याला फिलर म्हणतात.

तिसरी तऱ्हा सर्वांत नवलाची आहे. पीव्हीसी मऊ करावयाचे असेल तर त्यात तेलासारखे द्रव्य घालतात, त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. नळीचे किंवा चपलेचे प्लॅस्टिक मऊ असते ते यामुळे. कुणालाही वाटेल की हे द्रव्य थोडे घातले तर प्लॅस्टिक थोडे मऊ होईल. प्रत्यक्षात अगदी थोडे, म्हणजे शेकडा पाच-दहाच्या आत घातले, तर पीव्हीसी मऊ न होता उलट अधिक ताठ आणि अधिक ठिसूळ होते! अमेरिकेतील टेनेसी ईस्टमन कंपनीतील जॅक्सन आणि कॉल्डवेल या संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकवर असेच प्रयोग केले. ताठपणा वाढविणाऱ्या अशा द्रव्यांना अँटिप्लॅस्टिसायझर म्हणजे मऊपणाचे विरोधक असे नाव पडले. याचे कारण आपल्या डब्यातच आहे. माणसांमध्ये कोपर हलविण्यापुरती जी फट होती, तीत कुणी लहान लहान गाठोडी खुपसली, तर बसण्याची जागा तेवढीच राहते, पण हालचाल बंद होते. गाठोडी फारच वाढली की माणसेच एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि मग सगळे सैल होते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्या घरची पाण्याची मऊ नळी दोन उन्हाळ्यांनी कडक होते आणि तडकते, तेव्हा तिच्यात कुणी काही घातलेले नसते. तिच्यातले मऊ करणारे द्रव्य हळूहळू निघून गेलेले असते. डबीतला कापूर उडून जातो, तसेच. कापूर हेदेखील एके काळी सेल्युलॉइडला घडणीयोग्य करणारे द्रव्य होते, हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल.

तर मग प्लॅस्टिक ताठ करणे हे पाप आहे काय? मुळीच नाही. काचेचे तंतू घातलेले प्लॅस्टिक खरोखर बळकट असते. टायरमध्ये काजळी घालतात ती त्याचे आयुष्य वाढविण्यासाठी. बेकेलाइटमध्ये लाकडाचा भुसा घालीत, तो तर ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून. खडूचेही तसेच आहे. तो अतिशय बारीक दळलेला असेल, त्याच्या कणांवर स्टिअरिक आम्लाचा मुलामा असेल आणि प्रमाण थोडे असेल, तर पाइपाचे काही बिघडत नाही. बिघडते ते प्रमाण सुटले म्हणजे. आणि प्रमाण सुटते ते खडू रेझिनपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो म्हणून.

थोडा हिशेब करू. पीव्हीसी पाण्याच्या सुमारे १.४ पट जड आहे आणि खडू सुमारे २.७ पट. शंभर किलो रेझिनमध्ये पन्नास किलो खडू घातला, तर मिश्रण पाण्याच्या जवळजवळ १.६७ पट जड होते. याचा अर्थ असा की त्याच मापाचा पाइप सुमारे एकपंचमांशाने जड झाला आणि त्यातले रेझिन मात्र सुमारे एकपंचमांशाने कमी झाले. शेतकरी पाइप उचलून पाहतो आणि म्हणतो, चांगला वजनदार आहे. बोटाने दाबून पाहतो आणि म्हणतो, ताठ आहे. दोन्ही परीक्षांत निकृष्ट माल पहिला येतो! आणि माल किलोवर विकला गेला तर तीन किलोंमागे एक किलो खडू तो रेझिनच्या भावाने विकत घेतो. लँकेशायरचे मातीने जड केलेले कापड आणि हा पाइप ही सख्खी भावंडे आहेत.

हा पाइप वावरात जातो तेव्हा काय होते? आपली काळी माती जिवंत आहे असे म्हणावयास हरकत नाही. पावसाळ्यात ती फुगते. चैत्र-वैशाखात तिला अशा भेगा पडतात की बैलाचा पाय अडकावा. तिच्या पोटात पुरलेल्या पाइपाला दरवर्षी थोडे वाकावे लागते, थोडे सरकावे लागते. शिवाय विजेचे येणेजाणे आपल्याला ठाऊकच आहे. मोटर एकदम सुरू झाली किंवा एकदम बंद पडली की पाइपात पाण्याचा दणका बसतो. जो पाइप किंचित लवतो, तो हे दोन्ही सोसतो. जो लवत नाही, तो तडकतो. आणि तोही नेमका पिकाला पाण्याची गरज असते तेव्हा, रात्रीच्या पाळीत, उभ्या वावरात. पाइपाची किंमत बिलावर लिहिलेली असते. चुकलेल्या पाण्याच्या पाळीची किंमत कुठेच लिहिलेली नसते.

आता मी माझ्या स्वतःच्या चुकीविषयी बोलणार आहे, कारण ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

पंधरा-वीस वर्षे होऊन गेली. एका पाइपाच्या कारखान्यात आमची संघटना होती. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. बोनसची बोलणी चालू होती. मिक्सरवर काम करणारा एक तरुण मला फाटकावर बाजूला घेऊन म्हणाला, “भाऊ, पहिले एक पोतं खडू टाकत होतो, आता दोन टाकाले सांगते. पाइप दिसाले चांगला दिसते, पण पडला का काचेवानी आवाज येते.” मी त्याला म्हणालो, “बापू, ते मालकाचं काम. आपल्याले बोनसचं पाहू दे.” त्याने मान हलविली आणि तो कामावर गेला. त्या वर्षी बोनस वाढवून मिळाला. आम्ही गुलाल उधळला.

पुढच्या उन्हाळ्यात तोच तरुण आपल्या वडिलांना घेऊन संघटनेच्या कचेरीत आला. वडिलांच्या हातात पाइपाचा वीतभर तुकडा होता. मुलाच्या कारखान्याचा माल म्हणून त्यांनी विश्वासाने तोच पाइप घेतला होता. तुकड्याची कड काचेसारखी धारदार तुटलेली होती. लवण्याची, ओढले जाण्याची कसलीही खूण तिच्यावर नव्हती. म्हातारा काही बोलला नाही. त्याने तुकडा टेबलावर ठेवला आणि पाणी मागितले. ते तुटणे एकट्या खडूचेच काम होते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पाइप कसा पुरला होता, तो किती दिवस उन्हात पडून होता, हेही विचारावे लागते. पण त्या दिवशी मला एक हिशेब कळला. जो बोनस आम्ही लढून मिळविला असे मी समजत होतो, त्यातला काही भाग त्या दुसऱ्या पोत्यातून आलेला असू शकत होता. म्हणजे मुलाला दिलेला पैसा बापाच्या वावरातून काढलेला होता. आणि मुलाने मला आधीच सांगितले होते.

तो तुकडा आजही माझ्याजवळ आहे. त्यानंतर मी ही पुस्तके वाचू लागलो.

त्या मुलाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. मिक्सरच्या तोंडावर उभे राहून पोती फोडावयाची, हे त्याचे काम. खडूची धूळ गारगोटीच्या धुळीइतकी घातक नसते हे खरे; पण फिलर म्हणून सर्वत्र खडूच वापरला गेला असे नाही. बेकेलाइटच्या जातीच्या मालात एके काळी अ‍ॅस्बेस्टॉसही घालीत, आणि त्याने फुप्फुसांचे काय होते ते आता जगाला ठाऊक आहे. पीव्हीसी भट्टीच्या उष्णतेने बिघडू नये म्हणून त्यात शिशाची संयुगे घालण्याची रीत पुष्कळ वर्षे चालली. पाइपांतील या शिशासंबंधी केंद्र सरकारने २०२१ साली नियम काढले. पाण्यात शिसे उतरू नये हा विचार योग्यच आहे. पण ज्याने वर्षानुवर्षे ती पोती हाताने फोडली, त्याच्या रक्तातले शिसे कुणी मोजले काय? धूळ जेथे उठते तेथेच ती ओढून घ्यावी, हे तत्त्व १९४८ च्या कारखाना कायद्यातच, त्याच्या १४ व्या कलमात, लिहून ठेवले होते. तत्त्व जुने आहे. पंखा मात्र पुष्कळ ठिकाणी बसलेलाच नसतो.

मग करावयाचे काय? मी चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, पाइप घेताना नुसते वजन आणि ताठपणा पाहू नका. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ४९८५ या मानकाची खूण पाहा आणि पक्के बिल घ्या. या मानकात पाण्याच्या दाबाची, शून्य अंशावर वजन पाडून तडाख्याची, तसेच घनतेची आणि जाळल्यावर उरणाऱ्या राखेची परीक्षा आहे. रेझिन जळून जाते. खनिज मागे उरते. राख खोटे बोलत नाही.

दुसरी, एक घरगुती परीक्षा. पाइपाची बोटभर रुंद पट्टी कापून हळूहळू वाकवा. चांगली पट्टी वाकताना पांढुरकी पडते, पण दाद देते. वाईट पट्टी कट्‌कन तुटते. ही प्रयोगशाळेची परीक्षा नव्हे, हे मी कबूल करतो. पण दोन दुकानांचे पाइप शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर ती पुष्कळ शिकविते.

तिसरी, चांगला पाइपही उन्हात महिनोन्‌महिने टाकू नका. उन्हाने साखळ्या तुटतात आणि चांगला मालही ठिसूळ होतो. पाइप सावलीत ठेवावा आणि पुरताना खाली बारीक, मऊ माती घालावी. सगळा दोष कारखान्याच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये.

चौथी गोष्ट माझ्या बांधवांसाठी आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. मालात काय मिसळले जाते हे पहिल्याने ज्याला कळते, तो मिक्सरवरचा कामगार होय. इन्स्पेक्टर वर्षातून एखादे वेळी येतो. शेतकऱ्याला कळते ते पाइप फुटल्यावर. म्हणून प्रमाण बिघडले आहे असे सांगणाऱ्या कामगाराची नोकरी सुरक्षित असली पाहिजे. ही मागणी आम्ही पगाराच्या आणि बोनसच्या मागणीबरोबर त्याच कागदावर लिहिली पाहिजे. आता आमच्या मागणीपत्रकात ती असते. ती नेहमी मान्य होते असे नाही. पण ती वाचली जाते, आणि पुढच्या वेळी दुसरे पोते फोडावयास सांगणारा थोडा तरी विचार करतो.

आमचे काही तरुण मित्र मला विचारतात की भाऊ, खडूचा आणि कामगार चळवळीचा संबंध काय? मी त्यांना तो तुकडा दाखवितो. आपल्या वऱ्हाडात कामगार आणि शेतकरी या दोन जाती नाहीत. एकाच घरात सकाळी एक जण कारखान्याची पाळी धरतो आणि दुसरा वावराची वाट धरतो. कारखान्यात जे मिसळले जाते, ते संध्याकाळी त्याच घरी येते. टॉडमॉर्डनचा विणकर आणि त्याचे कापड घेणारा गिऱ्हाईक यांच्यामध्ये सात समुद्र होते. त्यांनी एकमेकांना ओळखले नाही, तर ते समजण्यासारखे आहे. आपल्यामध्ये फक्त एक उंबरठा आहे.

 तो पाइपाचा तुकडा मी आज बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी टेबलापाशी यावे; मात्र त्याच्या कडेवरून बोट जपून फिरवावे. इतके बोलून मी आपली रजा घेतो.